जखमेवरचा पाला

"जुओ, आ लोको घा पर ढोरनो चारो बांधे छे."

डॉक्टरांनी चिमट्याने माझ्या बाच्या हातावरचा पाला उचलला आणि विद्यार्थ्यांना दाखवला. पांढऱ्या कोटातली सहा-सात पोरंपोरी. हसली. एकीने फोटो काढला. जखमेचा नाही, पाल्याचा. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. घरात गाय नाही का, तिला खाऊ घालायचा होता, म्हणाले.

मायला गुजराती येत नाही. सुरतेत वीस वर्षं झाली, पण डिंडोलीतली आमची गल्ली सगळी खानदेशची. तिने मला विचारलं, "काय म्हना व डाक्टर?"

जखम धुणार आहेत, असं मी सांगितलं.

बा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. टाकीतलं उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. कोपरापासून बोटांपर्यंत. सुपरवायझर म्हणाला, "मामूली है, बरफ लगाओ, घर जाओ." बा घरी आला.

गावाकडे खरचटलं, कापलं की दगडी पाला वाटून लावतात. माझ्या आजीने लावला, मायने लावला. बाच्या रजेची चिठ्ठी द्यायला मी मिलवर गेले, तेव्हा मागच्या नाल्याकाठी तो गच्च उगवलेला दिसला. नाल्यात मिलचंच पाणी. एक दिवस लाल, एक दिवस निळं. मी ओंजळभर तोडला. धुतला नाही. धुतला की रस जातो, असं आमच्यात म्हणतात. मायने पाट्यावर वाटला आणि फडक्याने बांधला.

चौथ्या दिवशी हिरवट पू. वास असा, की शेजारीण दारातूनच परत गेली. मग दवाखाना.

तपासणीचा कागद आला. जंतूवर तीन औषधं चालत नाहीत. "चारा बांधोगे तो यही होगा," नर्स म्हणाली. मी मान खाली घातली. बापाचा हात मीच सडवला, असं मला वाटत होतं. ड्रेसिंगच्या वेळी तो ओरडायचा नाही, फक्त डाव्या हाताने खाटेची कड धरायचा. मी बाहेर जाऊन उभी राहायची.

आठवड्याने एक विद्यार्थी वही घेऊन आला. त्या दिवशी हसणाऱ्यांतलाच.

"आंटी, वो पत्ता कौनसा था? सर का प्रोजेक्ट है. जले घाव के जंतुओं पर पौधों का अर्क चलता है क्या, वो देख रहे हैं."

"कौनसे सर?" मी विचारलं.

"अपने राउंडवाले." म्हणजे गायीचं विचारणारे तेच डॉक्टर.

माय खुलली. बोटांनी पानाचा आकार दाखवायला लागली. मी त्याच्या वहीवर हात ठेवला.

"पूरा लिखो. मेरी माँ का नाम. पत्ता मिल के पीछे, नाले पर से तोड़ा. बिना धोए. नाले में मिल का पानी."

"ये सब नहीं चाहिए, बहन. खाली पत्ता बोलो."

"तो पत्ता भी नहीं."

तो वही मिटून गेला. दुसऱ्या कोणाला तरी विचारेल. पाला काय, रस्त्याकडेलाही उगवतो. माझ्या नकाराने बाच्या हाताला काडीचा फरक पडला नाही.

माय चिडली. "काय व, पोऱ्या चांगला इचारी राहिंता." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, शब्दाला शब्द. ती बाच्या उशीची सुरकुती काढत राहिली.

"माले तवाच समजनं व्हतं," ती म्हणाली. "तुनं तोंड दखं व्हतं मी."

पाला चुकला की पाणी, हे मला माहीत नाही. दोन्हींतलं काहीच कोणी तपासलं नाही. बाची दोन बोटं काळी पडली आहेत. ती वाचतील का, ते कोणी सांगत नाही आणि ती वाचवणं माझ्या हातात नाही.

उद्या राउंड येईल. नर्स रोजच्यासारखं बाहेर व्हा म्हणेल. मी होणार नाही. जंतूचं नाव विचारेन, कोणतं औषध उरलंय ते विचारेन, बोटं कापणार का ते विचारेन. गुजरातीत विचारेन आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मायला अहिराणीत सांगेन. हसले तर तेही सांगेन.