टपालकाका आणि त्यांचा साहेब

टपालकाका भेटले की आधी स्वतःची नाही, साहेबाची खुशाली सांगायचे. "साहेबाला आज ताप आहे हो. तरी वर कळवलंय, कामकाज सुरळीत." हा साहेब म्हणजे इंग्रजांच्या अमदानीत कुवेतला नेमलेला त्यांचा राजकीय प्रतिनिधी. मरून जमाना झाला. पण नवख्याला वाटावं, गृहस्थ आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेत!

काकांनी मुंबईच्या सरकारी कचेरीत उमेदीची वर्षं खर्डे लिहिण्यात घालवली. जुनं इंग्रजी हस्ताक्षर त्यांना झरझर लागायचं, म्हणून इथल्या, कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेबाच्या पत्रांच्या पेट्या त्यांच्या घरात पडून होत्या. काकांनी त्या वाचून दोन गठ्ठे करायचे. सरकारी पत्रं संग्रहालयाला, खाजगी पत्रं साहेबाच्या वारसांना. म्हणून ते आमचे टपालकाका.

साहेब बायकोला लिहिलेल्या पत्राचीसुद्धा नक्कल ठेवायचा. मी हसले, तर काका उखडले. "हसतेस काय? टपाल बोटीनं जायचं. बोट बुडाली तर आपण काय बोललो ते निदान आपल्यापाशी तरी राहायला नको?" मग त्यांनी मला बजावलं की खाजगी पत्रात रडगाणं गाऊ नये, ही साहेबाची पद्धत. ती काकांनीही उचलली होती. सावंतवाडीला काकूंना फोन लागला की एकच पालुपद, "मी मस्त. तू गोळ्या वेळेवर घे."

मस्त कसले डोंबलाचे! मी इथेच जाब्रिया भागात डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे, मला कोण फसवणार? काका तपासणीला आले आणि तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून मोकळे झाले. मला संशय आला. मी तक्ता बदलला, तरी काकांनी जुनीच अक्षरं म्हटली.

"पाठ करून आलात?"

"परीक्षा होती ना," ते म्हणाले, "अभ्यास नको?"

मला हसूही आलं आणि रागही आला. साखरेनं दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितली, वाचन बंद करायला सांगितलं. काकांचं उत्तर ठरलेलं, "गठ्ठे संपू देत." मी भांडले, ओरडले, अबू सालेमांना सांगेन म्हणून धमकावलं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "डोळे गेले तर काम जाईल, काम गेलं तर घरी जावं लागेल. घरी गेलो की तिला सांगावं लागेल. ते मला जमणार नाही गं. त्यापेक्षा मेलेलं बरं."

शेवटी इंजेक्शनं घेतली, पण फार उशिरा. एका सकाळी काका उठले तेव्हा खोलीत उजाडलंच नव्हतं. त्यांनी मला फोन करून विचारलं, "बाहेर धुळीचं वादळ आहे का?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ते मी कोणत्या तोंडानं सांगितलं, माझं मला ठाऊक.

पेटीत थोडी पत्रं उरली होती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी रुमैथियाला जाऊन ती त्यांना वाचून दाखवू लागले. ती पत्रं लिहिली त्या काळात साहेबाचा मुलगा विलायतेत वारला होता. बायकोला लिहिलेल्या पत्रांत नुसता धीर होता, हवापाणी होतं, घोड्याच्या दुखऱ्या पायाची चौकशी होती. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मग साहेबाचा रजेचा अर्ज हाती आला. वरिष्ठांना लिहिलं होतं की मुलगा गेल्यापासून झोप नाही, हात थरथरतो, लेखणी धरवत नाही, सबब रजा मिळावी.

"हा खाजगीत ठेवू ना?" मी विचारलं.

"नाही. अर्ज आहे, सरकारीतच जाणार." आणि काका ढसाढसा रडायला लागले. "बायकोला नाही सांगता आलं बघ त्याला. साहेबाला साहेबापाशीच रडता आलं."

काम संपलं. अबू सालेमांनी तिकीट काढून दिलं, पण जायचा दिवस जवळ आला तरी काकूंना कशाचाच पत्ता नव्हता. काका जेवेनात, बोलेनात. मी म्हटलं, मी सांगते, तर अंगावर आले. मग एकदा ताठ बसून म्हणाले, "लिही." मी मोबाइलवर लिहू लागले.

"विषय : दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकाराची दृष्टी कायमची गेली असून यापुढे तो आपणांवर भार होणार आहे. तरी त्यास घरी रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू."

"अहो काका, बायकोला असं लिहितं का कोणी?"

"याहून जवळ जाऊन मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "पाठव."

मी पाठवलं. संध्याकाळी काकूंचा फोन आला, त्यांना नाही, मला. मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

"खरं सांग, बाय. थोडंसुद्धा दिसत नाही?"

"नाही, काकू."

 

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे विमानतळावर मी रडले तरी त्यांना दिसायचं नाही. तेवढी तरी मोकळीक मिळाली."