रिकाम्या डब्यांचा टेम्पो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक — स्वतःचाच वैताग आलाय म्हणून असेल.

मी जालन्याला कीटकनाशकांच्या एका कंपनीत आहे. औषध विकायचं, तर त्याचे रिकामे डबेही कंपनीनंच परत न्यायचे आणि प्लॅस्टिक वितळवायला पाठवायचं, अशी आता सक्ती आहे. चांगलीच आहे हो सक्ती. पण टेम्पो? बॅनर वेळेवर आला, डब्यांनी भरलेल्या पोत्यांशेजारी उभं राहून फोटो झाले, टेम्पो तेवढा येईना. शेवटी पिंपळगाव रेणुकाईत जमलेली पोती मी तिथल्याच एका शेतकऱ्याच्या, नामदेवतात्यांच्या गोठ्यात टाकली. दोन दिवस ठेवा, म्हणालो.

दोन दिवसांचे महिने झाले. तात्यांचा फोन यायचा, "साहेब, जल्दी न्या, घरात लेकरं हायेत." मी ऑफिसला विचारायचो, ऑफिस ठेकेदाराकडे बोट दाखवायचं, ठेकेदार म्हणायचा, अजून पोती जमू द्या, एवढ्यासाठी डिझेल परवडत नाही. जबाबदारी उत्पादकाची म्हणे — मग उत्पादक म्हणजे नेमका कोण? वरचा साहेब? ठेकेदार? मी? नुसतं डोकं उठलं होतं.

अशाच एका दुपारी — इथे माझी जीभ अडते — मी तात्यांच्या दारात मोटारसायकलवर होतो. खालीसुद्धा उतरलो नव्हतो. त्यांच्या सुनेनं, वनितानं विचारलं, "भाऊ, ह्यातला एक डबा कापून म्हशीची पेंड भिजवायला घेतला तर चालंल का?"

तिनं विचारलं होतं. एवढं लक्षात ठेवा. आणि चला, एक डबा तरी कमी होईल, अशा वैतागात मी म्हणालो, "धुतलेत ना? घ्या."

धुतलेल्या डब्यालाही आतून विष चिकटून राहतं, हे गावोगाव सांगत फिरणारा माणूस मीच.

म्हैस मेली. दुभती होती. दारात माणसं जमली, मलाही बोलावून घेतलं. डबे असे उघड्यावर ठेवायला कुणी सांगितलं, म्हणून कुणीतरी विचारलं. आणि मी काय म्हणालो? — "मी तर कुलपात ठेवा म्हणालो होतो."

वनितानं माझ्याकडे पाहिलं. आता ही बोलणार, असं वाटलं. पण तिच्याआधी तात्याच बोलले, "साहेब बराबर बोलून राह्यले. हिनंच ऐकलं न्हाई." ती आत गेली.

तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. नोकरीला भ्यालो म्हणू? त्या चारचौघांना भ्यालो म्हणू? भ्यालो, एवढं खरं.

टेम्पो नंतर आला. पोती गेली.

आता फवारणी झाली की तात्या डबे खळखळून धुतात, पोत्यात भरतात, खोलीला कुलूप घालतात. मी गेलो की कौतुकानं दाखवतात. किल्ली त्यांच्या करदोट्याला असते. वनिताच्या हाती ते ती देत नाहीत.