हे ऑफिसला गेलेत

बेकारभत्ता बंद करण्यामागे एक तत्त्व असतं, हे मला भत्त्याच्या ऑफिसातल्या एका माणसानं काउंटरपलीकडून समजावून सांगितलं होतं. घरबसल्या मिळायला लागलं की माणूस सुस्तावतो. म्हणून नियम मोडला की भत्ता थांबवायचा, मग तो झटकन कामाला लागतो. बोलताना त्याचा आवाज अगदी मायेचा होता. त्याच्यासमोरची रांग दारातून बाहेर, पार्किंगमधल्या काळ्या पडलेल्या बर्फापर्यंत गेलेली. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने त्या वर्षी एकामागून एक बंद पडत होते. कुठल्या कामाला झटकन लागायचं, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "नेक्स्ट."

मी तिथं एम.एस. करत होतो. आठवड्यातले दोन दिवस एका चर्चच्या तळघरात बेकार कामगारांच्या समितीचं काम करायचो; भत्त्याच्या ऑफिसातही त्याचसाठी गेलो होतो. नागपूरला कॉलेजात असताना पत्रकं लिहिली, वाटली, त्यापायी दोनदा प्राचार्यांच्या शिव्या खाल्ल्या, तेवढीच माझी शिदोरी. तळघरात दर वेळी तेच. लोक घडी घालून खिशात ठेवलेली पत्रं काढायचे, मी ती वाचायचो, अपिलाचा फॉर्म भरायचो. कुणी मुलाखतीला दहा मिनिटं उशिरा पोचला म्हणून भत्ता बंद. कुणी बाई आईच्या आजारपणासाठी एक आठवडा गावाला गेली, 'कामाला उपलब्ध नव्हती' म्हणून बंद. सुरुवातीला राग यायचा. डिसेंबरपर्यंत रागाचाही कंटाळा आला होता.

त्या डिसेंबरातच काका आले. जिना उतरताना त्यांनी मला पाहिलं आणि ते तसेच मागे वळले. मी त्यांना ओळखत होतो. मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक दरवर्षी तेच बसवायचे. मी जिन्यात त्यांना गाठलं.

"काका, थांबा ना."

"इथं आपलं कुणी नसेल असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. मग बराच वेळ हातमोजे काढत राहिले.

काका एका कंपनीत बारा वर्षं ब्रेकचं डिझाइन करत होते. ऑगस्टमध्ये त्यांचा अख्खा विभाग बंद झाला. भत्ता सुरू झाला. आता पत्र आलं होतं, की ऑफिसनं चौकशीसाठी घरी फोन केला असता क्लेमंटच्या, म्हणजे भत्ता घेणाऱ्याच्या, पत्नीने 'ते कामावर आहेत' असं सांगितलं. सबब भत्ता बंद, कारण तुम्ही नोकरी लपवत आहात.

"नोकरी लपवताय?" मी विचारलं.

"नोकरी गेलेली लपवतोय," काका म्हणाले.

हे आपल्या लोकांशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही. काका रोज पावणेआठला टाय लावून, डबा घेऊन निघायचे आणि शेजारच्या गावातल्या लायब्ररीत जाऊन बसायचे. जाहिराती बघायचे, अर्ज टाइप करायचे, साडेपाचला घरी यायचे. घरी फोन आला तर काकूंनी म्हणायचं, हे ऑफिसला गेलेत. मंडळातल्या बायकांना तेच, शेजारच्या गोऱ्या बाईला तेच, पुण्याहून दिरांचा फोन आला तरी तेच. चार महिन्यांत ते वाक्य काकूंच्या तोंडी इतकं बसलं, की भत्त्याच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा इंग्रजीतूनही तेच बाहेर पडलं.

मी अपील टाकलं आणि एका शनिवारी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे केले होते. आम्ही बोलत असताना फोन वाजला. दोघंही जागचे हलले नाहीत. दहा-बारा वेळा वाजून तो थांबला.

"उचलत नाही आता आम्ही," काकू म्हणाल्या. "पुन्हा काहीतरी तोंडातून जायचं आणि हेच गोत्यात यायचे."

"आणि नोकरीसाठी कुणी फोन केला तर?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पोह्यातले शेंगदाणे एका कडेला सारत होते. काउंटरवरच्या त्या मायाळू माणसाला इथं आणून बसवावं असं मला वाटलं. त्याच्या तत्त्वानं कामाला लावायला घेतलेला माणूस आता स्वतःच्या घरातला फोनही उचलत नव्हता.

मी सरळ मुद्द्यावर आलो. "काकू खोटं बोलल्या, एवढं हिअरिंगला सांगून भागणार नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, बायको कशाला खोटं बोलेल? तेव्हा साक्षीदार हवा. काका खरंच बेकार असताना ज्याला काकू फोनवर हेच सांगत आल्या आहेत, असा कुणीतरी."

"म्हणजे मंडळातलं," काका म्हणाले.

"सेक्रेटरीबाई दर आठवड्याला फोन करतात ना?"

"त्या बाईला सांगायचं? त्यापेक्षा रेडिओवर का नाही सांगत?"

"काका, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? लाज त्या कंपनीला वाटली पाहिजे!"

"हे तुझ्या पत्रकात छान दिसेल," काका म्हणाले. "पत्रकाला तोंड दाखवायला बाहेर जावं लागत नाही. भत्ता गेला तर गेला. मला हे नको."

मी आणखी बोलणार होतो. माझ्याकडे बोलायला भरपूर होतं. पण काकू उठल्या, भिंतीवरच्या फोनपाशी गेल्या आणि त्यांनी नंबर फिरवला.

"अगं, काय करतेस?" काका म्हणाले.

"हॅलो, मी बोलतेय. हो, हो, सगळं ठीक. नाही, ठीक नाहीये. अहो, ह्यांची नोकरी ऑगस्टमध्येच गेली. हो, ऑगस्टमध्ये. नाही, ते ऑफिसला गेलेत म्हणत होते ना, ते खोटंच. तुम्हाला चार महिने खोटं सांगितलं मी. आता तेवढं कोर्टात येऊन सांगाल का, की मी खोटं बोलते म्हणून?"

काका उठून बेसमेंटमध्ये गेले.

हिअरिंग म्हणजे कोर्ट नव्हे. एक खिडकी नसलेली खोली, लांब टेबल, टेपरेकॉर्डर आणि सर्दी झालेला एक अधिकारी. सेक्रेटरीबाई रेशमी साडी, वर ओव्हरकोट आणि पायात बर्फाचे बूट अशा आल्या. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे? बाई म्हणाल्या, "एव्हरी मंडे आय कॉल. एव्हरी मंडे शी टेल्स मी ऑफिस. सिक्स्टीन मंडेज, सर! अँड आय अ‍ॅम हर फ्रेंड!" शेवटचं वाक्य त्यांनी काकूंकडे वळून म्हटलं. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. नवऱ्याची नोकरी गेली हे बायको का लपवेल, हे अधिकाऱ्याला तीन वेळा समजावून सांगावं लागलं. चौथ्यांदा काकांनी स्वतः सांगितलं. "बिकॉज आय आस्क्ड हर टू." त्यांचा आवाज फार लहान झाला होता. अधिकाऱ्यानं टेप पुढे सरकतेय ना हे पाहिलं आणि जरा मोठ्यानं बोलायला सांगितलं. काकांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

आम्ही जिंकलो. भत्ता सुरू झाला. समितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही त्या दिवशी खुशीत होतो, उगाच नाकारत नाही.

पुढच्या सोमवारपर्यंत मंडळात सगळ्यांना कळलं होतं. कुणीही वाईट वागलं नाही, हे लिहायलाच हवं. कुणी इडल्या आणून दिल्या, कुणी आपल्या कंपनीत शब्द टाकतो म्हणालं. जानेवारीत नव्या वर्षाच्या गणपतीतल्या नाटकाची बैठक झाली. अध्यक्ष काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंदा तुम्हाला त्रास नको. डोक्याला आधीच कमी का ताप आहे? दुसऱ्या कुणाला करू दे." काका म्हणाले, "बरोबर आहे." मी तिथंच होतो. ऑफिसशी भांडायला माझ्याकडे फॉर्म होते, कलमं होती. इथं मी चहाचा कागदी कप हातात धरून उभा राहिलो.

मार्चमध्ये काकांनी दक्षिणेकडच्या एका राज्यात नोकरी घेतली. काम ड्राफ्ट्समनचं. इथं त्यांच्या हाताखालचे लोक ते करायचे. भत्त्याच्या ऑफिसात त्यांची फाइल बंद झाली असेल. तो काउंटरवरचा माणूस म्हणाला असेल, बघा, लागला की नाही कामाला.

सामान ट्रकमध्ये चढवायला मी गेलो होतो. गाद्या, टीव्ही, काकूंचं शिलाई मशीन. पाठ भरून आली. काका कुलूप लावून आले तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिकडे मराठी मंडळ आहे का, काका?"

"नाही," काका म्हणाले. "चौकशी करूनच हो म्हटलं."