सईनं दिलेली उत्तरं

घरात चार वर्षांचं पोर असलं की किस्से गोळा करत बसावं लागत नाही. मी कामावरून येऊन चपला काढेपर्यंत माझी आई एखादा सांगून मोकळी व्हायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आमची सई तेव्हा चार वर्षांची. त्यातले हे काही, आठवतील तसे.

*

घरात नुकताच फोन बसवलेला. वारणानगरहून माझ्या बहिणीनं, म्हणजे सईच्या आत्यानं, फोन केला. सई रिसीव्हर कानाला लावून नुसतीच मान हलवत राहिली. पलीकडं आत्या हॅलो हॅलो करून दमली. मी सईला सांगितलं, आत्याला दिसत नाही, तोंडानं सांग. सईनं रिसीव्हर नीट धरला.

"आत्या, मी मान हलवली."

*

पोरगी कुठं आहे ते कळावं म्हणून आईनं हुपरीहून घुंगरांचे पैंजण आणले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज बंद. बघतो तर पैंजण पुढच्या सोप्यात काढून ठेवलेले, आणि स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्याचं झाकण वाजतंय. आईनं बाहेरूनच विचारलं, आत कोण आहे?

"कोण न्हाय. मी सोप्यात हाय."

*

गल्लीतले एक काका आले. चहा विचारला तर नको म्हणाले. आई तरीही आधण ठेवायला उठली. सईनं तिचा पदर धरला.

"नको म्हणालेत की."

मग सई काकांसमोर जाऊन उभी राहिली. "खरं सांगा. नको, का पायजे?"

काका म्हणाले, "अर्धा कप."

*

सईची आई सुनंदा सरकारी दवाखान्यात नर्स. तिची बदली गगनबावड्याला झाली. रोज जाऊन-येऊन ड्यूटी जमेना, म्हणून तिनं तिथंच खोली घेतली. सोमवारी सकाळच्या एस्टीनं जायची, शनिवारी संध्याकाळी यायची. ती निघताना सई रडायची नाही. मला ते बरं वाटायचं.

एकदा संध्याकाळी सई म्हणाली, घर-घर खेळू. ती आई झाली, मला सई केलं. सुनंदाची जुनी पर्स खांद्याला अडकवली, माझा भांग नीट केला, आजीला त्रास द्यायचा नाही असं बजावलं आणि दारामागं जाऊन उभी राहिली.

मी फरशीवर बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी हाक मारली, "आई, ये की आता."

दारामागून उत्तर आलं, "अजून मंगळवारच हाय."