आलं का?

"आलं का?"

हा प्रश्न मी लहानपणी दर रविवारी सकाळी घराच्या पत्र्यावर उभा राहून विचारला. गळा फाडून विचारला. आणि शप्पथ सांगतो, "आलं" हे उत्तर मला एकदाही मिळालं नाही!

तुम्ही त्या काळातले असाल तर तुम्हाला लगेच कळेल. वडूजजवळ आमचं गाव. घरात काळा-पांढरा टीव्ही, पत्र्यावर लोखंडी पाइपला बांधलेला अँटेना, आणि रविवारी सकाळी कार्टून. भोवरा, गोट्या, दाबलं की टिकटिकणारा पत्र्याचा बेडूक, सगळं अंगणात टाकून आम्ही पळायचो. दादा घरात, मी पत्र्यावर. थोरल्याने बघायचं आणि धाकट्याने अँटेना धरायचा, हा आमच्या घरचा कायदा!

मी फिरवायचो. "आलं का?"

खालून दादा, "न्हाई! नुसत्या मुंग्या!"

अजून जरा फिरवायचो. "आता?"

"मुंग्याच! वडूजकडं फिरीव!"

"आलं का?"

खाली चिडीचूप. म्हणजे काय? म्हणजे आलं! चित्र दिसायला लागलं की कार्टून सोडून मला उत्तर कोण देणार? बरं, खाली उतरावं तर कावळा टपलेलाच असायचा. तो अँटेनावर बसला की चित्र गेलं, आणि दादाची आरोळी आली, "सुक्या, हाकल त्याला!" अख्ख्या लहानपणात मी कार्टून बघितलं नाही, नुसतं ऐकलं. आणि कावळे हाकलले.

नंतर दादा मला सगळी गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीतला वाघ थेट आमच्या तात्या चुलत्यासारखा खाकरायचा. तो वाघ मला अजून आवडतो.

पुढे शाळा दोघांच्याही नशिबात नव्हती. दादा सांगलीला हळदीच्या बाजारात हमाल झाला, मी गावात ट्रॅक्टरवर बसलो. आणि परवा परवा दादा गेला. चहा पिता पिता गेला. त्याच्या मोबाईलचं रिचार्जसुद्धा अजून संपलेलं नाही. मी लावून बघतो. रिंग वाजते.

असू द्या. तोंडं पाडू नका, किस्सा हसण्याचाच आहे. माझी फजिती तर आता सुरू होते.

दहाव्याला आम्ही सगळे येरळेच्या काठावर जमलो. पिंड मांडला, मागे सरलो, हात जोडले. कावळा शिवला की माणूस मोकळा. नाही शिवला, तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हणायचं.

कावळा येईना! चिंचेवर बसून मान वाकडी करून बघायचा, पण खाली उतरायचं नाव नाही. ऊन चढलं. वैनी पदर डोक्यावर धरून तशीच उभी.

तात्या पुढे झाले. "विलास, पोरांची शाळा मी बघतो. जा बाबा तू."

कावळा ढिम्म.

"विहिरीचं पाणी तुझ्या वाटणीचं तुझ्या पोरांना दिऊ."

कावळ्याने पंख साफ केले.

सांगलीहून दादाचे दोस्त टेम्पो करून आले होते. त्यांनी आपसात कुजबुज केली, आणि एकाने हळूच तंबाखूची पुडी पिंडाशेजारी ठेवली.

वैनीचा आवाज चढला. "ही काय?"

"वैनी, विलासला लागायची."

"आवं, सोडली म्हनलं हुतं मला! देवाच्या फोटोवर हात ठिवून!" वैनी थेट पिंडाशीच भांडायला लागली. "येवढ्यासाठी अडलायसा व्हय? न्हाई मिळायची! उचला ती पुडी!"

दोस्ताने पुडी उचलली. कावळा उडून दुसऱ्या फांदीवर गेला. माझ्या मते घाबरून.

शेवटी गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि तोच शिववू. शास्त्रात चालतं."

माझं डोकं फिरलं! हळदीची पोती पाठीवर वाहणाऱ्या माझ्या दादाला गवताचा कावळा? मी ओरडलो, "कुणी हात लावायचा न्हाई! खरा कावळा मी आनतो!"

"कुठनं आनतोस? बाजारातनं?" तात्या खाकरले.

पण मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. कावळ्यांना आयुष्यभर काय आवडलं? आमचा अँटेना! दगड खाल्ले, पण यायचे सोडले नाहीत. आणि दादाचा जीव लहानपणापासून कशात? त्याच अँटेनात! एका दगडात दोन पक्षी. चुकलं, एकच पक्षी हवा होता.

गाडीला किक मारली आणि घरी आलो. डिश आल्यापासून अँटेनावर घेवड्याचा वेल चढलेला, वर तात्यांचा लेंगा वाळत घातलेला. सोडवत कोण बसतो? पाइपसकट उपटला आणि खांद्यावर टाकला. एका हाताने गाडी, मागे फडफडणारा लेंगा.

पारावरून कोणीतरी हाक मारली, "सुक्या, डिश बंद पडली का रं?"

"दादासाठी कावळा आनाय चाललोय!"

त्यावर पारावरच्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, पटलं त्यांना!

काठावर पत्र्याचं शेड आहे. मी अँटेना घेऊन धडाधडा वर चढलो. पत्रा असा वाजला, की चिंचेवरचे होते नव्हते ते सगळे कावळे उडाले.

"खाली उतर, मुडद्या!" तात्या किंचाळले. "आनि माझा लेंगा काढ आदी!"

"गप बसा तात्या! ह्यातलं मला कळतंय!"

चिंच माझ्या पाठीमागे, पिंडही तिकडेच खाली. मी शिवाराकडे तोंड करून अँटेना उंच धरला, अगदी तेव्हासारखा. सावकाश फिरवला. आणि काय झालं कळलं नाही, तोंडातून आपोआप निघालं, "आलं का?"

तात्या म्हणाले, "न्हाई! तू आदी उतर!"

जरा वडूजकडे फिरवला. "आता?"

"न्हाई म्हनलं न्हवं!"

हात भरून आले. पण सवय होती, हलवला नाही. काठीसारखा उभा राहिलो.

"आलं का?"

खाली चिडीचूप.

"वैनी, आलं का?"

मला राग आला. इतका वेळ मी उन्हात उभा आहे, एक शब्द टाकायला काय जातं? "आवं तात्या, मेला का सगळी?" असं ओरडून मी वळलो.

खाली सगळे हात जोडून उभे. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी. पिंड विस्कटलेला. आणि कावळा? भात चोचीत धरून नदीपलीकडे गेलेला, एवढासा ठिपका!

याही वेळी मला दिसलं नाही!

खाली उडी मारली आणि छाती काढून म्हणालो, "बगितलंसा? अँटेनावर आला का न्हाई?"

"अँटेनावर?" तात्या लेंग्यातली घेवड्याची पानं झटकत म्हणाले. "तू पत्रा वाजीवलास तवा पळालं हुतं सगळं! तू जल्मात पयल्यांदा गप उभा ऱ्हायलास, म्हनून त्यो उतरला."

"तसं न्हाई, तात्या," वैनी मध्येच म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "भाऊजी तिकडं तोंड करून उभं हुतं. मी हळूच म्हनलं, आवं, वर बगा. त्या येड्याला आता मी संबाळते. जावा तुमी. तसा लगीच उतरला."

घ्या! पोरांची शाळा नाही, विहीर नाही, तंबाखूसुद्धा नाही. दादाचा जीव कशात अडकला होता? अँटेना धरून शेडवर उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या गाढवात!

"वैनी," मी विचारलं, "कसा आला? सगळं सांग."

तिने सांगितलं. कुठून उतरला, कुठे बसला, किती वेळ बघितलं. दादासारखं रंगवून नाही जमलं तिला, पण सांगितलं.

संध्याकाळी मी अँटेना परत घराच्या पत्र्यावर नेला. टीव्ही केव्हाच भंगारात गेलाय, वायर तुटलेली. तरी पाइप रोवला, तारेने आवळला, दादा सांगायचा तसा वडूजकडे फिरवला आणि बाजूला बसलो.

खालून तात्यांनी हाक दिली, "बसला का रं नीट?"

मी उत्तर दिलं नाही. अँटेनावर कावळा येऊन बसला होता.