गणपतीपुढची तीन बटणं

माझ्या साडूंइतका चिडका माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडणार नाही, आणि यंदा तर त्यांचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी काढलेला हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून हवामानाच्या मागे हात धुऊन लागलाय. पंखा चालू ठेवून उठलेल्या पाहुण्याला ते जिन्यातून परत बोलावतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना गाडी डिझेलची का, असं विचारलं आणि उत्तर ऐकून ताटातली जिलबी बाजूला सारली.

यंदा इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे देखावा त्यांचा. मोठा पडदा, पडद्यावर नाशिक, आणि खाली फिरवायची तीन बटणं: कोळसा, गाड्या, झाडं. बटण फिरवलं की नातवंडांच्या वेळचा उन्हाळा बदलतो, गोदावरी आटते नाहीतर वाहते. "भाषणं ऐकून कुणाला काही कळत नाही हो. स्वतःच्या हाताने नदी आटवली की कळतं," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं.

आणि लोकांनी काय करावं? पाया पडले! गणपतीपुढे मांडलंय म्हणजे देवाचंच, असं धरून बायकांनी बटणांना हळदकुंकू वाहिलं, वर दूर्वा ठेवल्या. साडू घसा फोडून सांगताहेत, "अहो ताई, फिरवून बघा, नमस्कार कसले करताय," आणि इकडे एक आजोबा आटलेल्या गोदावरीपुढे नारळ फोडायला निघालेले. शेवटी कुंकू आत जाऊन कोळशाचं बटण 'जास्त'वर अडकलं आणि नाशिक तापतच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "काका, सणासुदीला लोकांना प्रसन्न वाटायला हवं. उद्यापासून आपला नेहमीचा धबधबा लावू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस सगळा पावसाळा त्या पडद्यापायी खपला, आणि त्याच्या जागी काय, तर पंपावरचा धबधबा!

आरतीनंतर मांडव रिकामा झाला, तेव्हा मेव्हणी जुना टूथब्रश घेऊन आली. तिने बटणातलं कुंकू साफ केलं आणि कोळसा पार शून्यावर नेला. पडद्यावरची नदी भरली. साडूंचा चेहरा खुलला.

"कळलं?"

"कळलं की. पण मग तुमची नोकरी? आपल्या दोघी पोरींची शिक्षणं कशावर झाली असती?"

आता हे उसळणार, म्हणून मी सावरून बसलो. ते उसळले नाहीत. "त्याचं बटण नाही गं बसवता आलं मला," एवढंच म्हणाले.

मेव्हणीने खुर्ची पडद्यापुढे ओढली. "थोडं थोडं कमी करत गेलं तर काय होतं, ते दाखवा." मग बराच वेळ ते तिला समजावत होते, अगदी हळू आवाजात. कोळशाचं बटण मात्र त्यांनी प्रत्येक वेळी तिलाच फिरवायला लावलं.