कोरडे पाय

मानव्यविद्यांच्या परिषदेत माझ्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. पुस्तक धानाच्या रोवण्याच्या गाण्यांवरचं आणि गाणी सगळी माझ्या आईची, कटंगीजवळच्या आमच्या शेतातली. चिखलात उभी असल्याशिवाय ती गातच नसे. घरी मोबाइल पुढे केला की खेकसायची, "पाय कोरडे हायेत माये, काहून गाऊ वं?" शेतात पावसाच्या आवाजात रेकॉर्डिंग होईना, मग मी धुऱ्याच्या बांधावर छत्रीत बसून नुसते शब्द उतरवले. चाल राहून गेली.

आता आई नाही. शाल-श्रीफळ झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "एक गाणं होऊन जाऊ द्या." मंचावरच्या गालिच्यावर उभी राहून मी दोन ओळी म्हटल्या, त्याही चुकीच्या चालीत. झाडून सगळ्या विद्वानांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कोरड्या पायांवर कोणी खेकसलं नाही.